जुन्या मापाचा ब्लाउज

१८ जून, मंगळवार

मंजूचे तीन ब्लाउज आत घ्यायला आलेत. तीन! शाळा सुरू झाली आणि बाईंना उन्हाळ्याआधीचा एकही ब्लाउज अंगाला लागत नाही. म्हटलं, "मंजे, डिसेंबरात लग्न तुझ्या पोरीचं आहे की तुझं?" खळखळून हसली. शुगर निघाल्यापासून गोड सोडलंय, भात सोडलाय, रोज सकाळी चालते — त्याचा परिणाम म्हणे.

गंमत म्हणजे आज पहिल्यांदा तिच्या अंगाला टेप लावली. आजवर गरजच पडली नव्हती. आमच्या दोघींचं माप एकच! तिचा ब्लाउज शिवून झाला की मी माझ्याच अंगात घालून बघायचा. मला बसला की तिला बसलाच. लग्न होऊन सातपूरच्या ह्या कॉलनीत दोघी एकाच वर्षी आलो, तेव्हापासून हेच चाललंय. आता तिच्याशेजारी मी धान्याच्या कोठीसारखी दिसते. जळले थोडी. खोटं कशाला लिहू?

पाठ दुखते म्हणत होती. सिन्नरच्या पुढच्या खेड्यात शाळा, बस नाहीतर जीपमध्ये कोंबून घेऊन रोजची ये-जा. दुखणारच.

२ जुलै, मंगळवार

मंजूला जेवण जात नाही. सोनोग्राफी केली, काहीच निघालं नाही. गॅस आहे म्हणाले डॉक्टर. पाठीला मलम, पोटाला गोळ्या. चला, सुटलो!

२१ जुलै, रविवार

आषाढ पौर्णिमा. विहारात ग्रंथवाचन सुरू झालं. वर्षावासाचे तीन महिने रोज संध्याकाळी वाचायचं असतं आणि वाचायचं मंजूनेच, हे ठरलेलं. मास्तरीण ना! खणखणीत आवाज. आम्ही बायका पांढऱ्या साड्या नेसून समोर बसतो. आमच्या दोघींच्या साड्या एकाच ताग्यातल्या.

आज दोन पानं वाचली आणि थांबली. टेबल धरून उभी राहिली जरा. मग ग्रंथ माझ्यापुढे सरकवला. "लते, पुढचं तू वाच."

मी! नववीत शाळा सोडलेली बाई. वाचलं कसंबसं. पुढे बसलेल्या सुमनबाई म्हणाल्या, "लता वाचतेय का कुणाशी भांडतेय?" सगळ्या हसल्या. मंजू मात्र डोळे मिटून ऐकत होती. घरी येताना म्हणाली, "स्वल्पविराम आला की श्वास घे. उद्या जमेल." उद्या कशाला? उद्या तूच वाच की बाई.

७ ऑगस्ट, बुधवार

रविवारी दुपारी मंजू कापड द्यायला आली. दारात उजेडाला उभी होती आणि मला तिचे डोळे दिसले. पिवळे जर्द!

कावीळ. म्हणजे एवढे दिवस हेच होतं तर. खरं सांगायचं तर सगळ्यांनाच बरं वाटलं, दुखण्याला एकदाचं नाव मिळालं. तिची निफाडची नणंद आली, तिला गावाकडे नेऊन काविळीची माळ घालून आज परत घेऊन आली. कसल्याशा मुळीचे तुकडे दोऱ्यात ओवलेले. आधी डोक्यावर बसते, कावीळ उतरेल तशी माळ वाढत वाढत खाली येते म्हणे. बिनतेलाचं, बिनहळदीचं खायचं. माळ आपोआप उतरेपर्यंत दुसरं औषध घ्यायचं नाही.

मी भडकले. "चौथीच्या पोरांना अंधश्रद्धेचा धडा शिकवतेस आणि स्वतः डोक्यावर माळ घेऊन बसतेस?"

"नणंदेचं मन मोडवेना गं. आणि कावीळच तर आहे."

१३ ऑगस्ट, मंगळवार

माळ छातीपर्यंत आली. मंजू होती तेवढीच पिवळी! अंगाला खाज एवढी की दंडावर ओरखडे उठलेत. मला राहवलं नाही. कात्री घेतली आणि तिच्या गळ्यातली माळ कापून टाकली. नणंद आ वासून बघत राहिली. बघ म्हटलं! जयराम भाऊजींना सांगितलं, उद्याच्या उद्या मोठ्या दवाखान्यात न्या, नाहीतर मी नेते. मंजूचा नवरा म्हणजे गरीब गाय. मान डोलावली फक्त.

१७ ऑगस्ट, शनिवार

कॅन्सर आहे.

स्वादुपिंडाचा. असा अवयव आपल्या पोटात असतो हेच मला ठाऊक नव्हतं. जठराच्या मागे लपलेला असतो म्हणे, पाठीला टेकून. साध्या सोनोग्राफीत दिसतोच असं नाही. डॉक्टर म्हणाले, हा कळतो तेव्हा बहुतेक वेळा उशीर झालेला असतो. वजन उतरणं, नवी शुगर, पाठदुखी, सगळं त्याचंच होतं. माळेनं काही फरक पडला का, विचारलं. म्हणाले, लिव्हरला आधीच गेलाय. ऑपरेशन नाही.

आणि आम्ही टाळ्या वाजवत होतो, मंजू बारीक झाली, मंजू बारीक झाली!

दवाखान्याच्या जिन्यात भाऊजींनी माझे हात धरले. "लताताई, तिला कळू द्यायचं नाही. पित्ताच्या नळीत खडा आहे एवढंच सांगायचं. तेजलचं लग्न होईपर्यंत तरी." मी म्हटलं, तिचं दुखणं आहे, तिला नको कळायला? शिकलेली बाई आहे ती. तर तो माणूस तिथेच पायरीवर बसला आणि ढसाढसा रडला. तेजल शेजारी उभी, ओढणी तोंडात कोंबून. मी हो म्हटलं.

आम्ही एकमेकींपासून साधी भाजी लपवली नाही कधी.

२२ ऑगस्ट, गुरुवार

नळीत स्टेंट टाकून घरी आणलंय. मी तिच्यापाशी हुक लावायचं काम घेऊन बसले होते. खोलीत दोघीच. तिने विचारलंच.

"लते, खडाच आहे ना?"

"खडाच," म्हटलं आणि दोरा दातांनी तोडला.

"कात्री कशाला आहे मग समोर?" नेहमीसारखी रागावली. मग कूस बदलून भिंतीकडे तोंड केलं. झोपली बहुतेक. देवाधर्माचं नाही माझं काही, पण त्या क्षणी कुणीतरी येऊन माझी जीभ काढून न्यावी असं वाटलं.

३० ऑगस्ट, शुक्रवार

पिवळेपणा उतरला! अर्धी भाकरी खाल्ली. भाऊजींनी फोन करून सांगितलं, आवाजच वेगळा होता. माझ्याही मनात येऊन गेलं, डॉक्टर चुकले असतील. चुकत नाहीत का माणसं?

८ सप्टेंबर, रविवार

मंजूने हट्टच धरला, लग्नाची पैठणी मीच निवडणार. गाडी करून येवल्याला गेलो — ती, मी, तेजल. मागच्या सीटवर उशा लावून बसवलं होतं. निफाड मागे पडेपर्यंत डोळे मिटून होती. द्राक्षाचे मांडव दिसत होते दोन्हीकडे, मी उगाच बडबडत होते.

दुकानात मात्र ताठ बसली. शंभर साड्या उलगडायला लावल्या आणि निवडली कुठली? जांभळी! गर्द जांभळी, मोरांचा पदर. मी थक्क. जांभळा माझा रंग, तिला कधीच आवडला नाही. तिला सगळं फिकट हवं. म्हटलं, "अगं, तुझी मोतिया तिकडे आहे बघ." तर म्हणे, "माझ्या पोरीच्या लग्नात मला हीच पाहिजे." पदर माझ्या खांद्यावर टाकून बघितला तिने. स्वतःच्या नाही, तिला उभं राहवत नव्हतं म्हणून. आजारपणात तोंडाची चव बदलते, तशी आवडही बदलत असेल.

परतताना उलटी झाली. तेजलच्या मांडीवर डोकं ठेवून आली.

१२ सप्टेंबर, गुरुवार

ब्लाउजपीस घेऊन तिच्या घरी गेले. माप घ्यायला टेप काढली तर हात झटकला.

"जुन्या मापाचा शिव."

"अगं, पण आता..."

"जुन्या मापाचा म्हटलं ना! नेहमी शिवतेस तसा. तुझ्या अंगात घालून बघ."

मी टेप गुंडाळली. तिला वाटतंय डिसेंबरपर्यंत भरून येईल अंग. ती आशा मोडवेना. "शिवते की. माया पण भरपूर ठेवते आत, जाड झालीस तर उसवून देईन," असं बोलले वर. ह्या तोंडाने! हसली आणि म्हणाली, "माया ठेव. तू कुठे बारीक होऊ देतेस कुणाला."

१९ सप्टेंबर, गुरुवार

ब्लाउज शिवला. अस्तर, मागे नाड्या, बाहीला पैठणीचा काठ. आजवरचा सगळ्यात चांगला. अंगात घालून न बघताच नेऊन दिला. मला घालवेचना!

मंजूने बराच वेळ मांडीवर ठेवून घेतला होता.

२ ऑक्टोबर, बुधवार

पोटात पाणी झालंय. पाय सुजलेत. पाठदुखीला आता औषधाचा पॅच चिकटवतात. डॉक्टर म्हणाले, दवाखान्यात ठेवून काही होणार नाही.

९ ऑक्टोबर, बुधवार

आज भाऊजींवर खेकसले. म्हटलं, सांगून टाका तिला, काही बोलायचं असेल पोरीशी, काही सांगायचं असेल! लग्नाची स्वप्नं बघत पडलीय ती. तुमच्या सोयीसाठी तिला असंच जाऊ देणार का? फार लागेल असं बोलले. ते म्हणाले, "ताई, तुम्हीच सांगा मग. मला जमणार नाही."

गेले आत. मंजूने हात पुढे केला, काडी झालाय नुसता. "वाचन कुठपर्यंत आलं?" विचारलं. सांगितलं. "श्वास घेतेस ना स्वल्पविरामाला?" घेते म्हटलं. बाहेर आले. नाही सांगवलं मला तरी कुठे!

१७ ऑक्टोबर, गुरुवार

आश्विन पौर्णिमा, वर्षावासाची समाप्ती. शेवटची पानं मी वाचली. तेजलने फोन चालू धरला होता, घरी मंजूच्या उशाशी दुसरा. एकदाही अडखळले नाही. सुमनबाई काही बोलल्या नाहीत ह्या वेळी.

२२ ऑक्टोबर, मंगळवार

मंजू गेली. सकाळी, चहाच्या वेळेला.

२३ ऑक्टोबर, बुधवार

पांढरी साडी मीच नेसवली, त्याच ताग्यातली. ब्लाउजही मीच घातला, जूनमध्ये आत घेतलेल्यातला. तोही गळत होता खांद्यावरून. मागून चार टाके घातले, नीट दिसावी म्हणून. टाके वाकडे आले. तिने बघितले असते तर उसवायला लावले असते.

त्रिसरण म्हणून झालं, मंजूला नेलं.

तिला न सांगताच पाठवलं आम्ही. सगळ्यांनी मिळून, मीही त्यात. आता कुणाला सांगू?

३ नोव्हेंबर, रविवार

दिवाळीची शिलाई पडून आहे. बायका दारातून परत जातात. जाऊ देत.

मंजूच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी भाऊजी म्हणाले, लग्न ठरल्या तारखेलाच होईल. मंजूने तसा शब्द घेतला होता म्हणे. मी विचारलं, कधी घेतला? तर कुणीतरी बोलवायला आलं आणि ते उठून गेले. मला तर लग्नाला जावंसंच वाटत नाही. तिच्या रिकाम्या जागेकडे बघत कशी बसू मी तिथे?

१७ नोव्हेंबर, रविवार

मशीनवर बसले. दोरा ओवला, उठले.

१ डिसेंबर, रविवार

तेजल आली होती. हातात पिशवी, पिशवीत जांभळी पैठणी आणि माझा ब्लाउज. म्हटलं, ठेव बाळा, आईची आठवण आहे.

"आईची नाही मावशी, ही तुझीच आहे. येवल्याला जायच्या आधीच मला सांगून ठेवलं होतं आईने, लग्नात माझ्या जागी लता उभी राहील. साडी तिच्या रंगाची घेऊ, ब्लाउज तिच्याच मापाचा शिवून घेते, तिला आत्ता बोलू नकोस, भांडत बसेल."

मी म्हटलं, आधीच? म्हणजे तिला...

"तुला विचारलं होतं ना तिने? म्हणाली, लता खोटं बोलली की दोरा दातांनी तोडते."

तेजल गेल्यावर दार लावून ब्लाउज घातला. बसला. कुठेही एक टाका घालायला नको.