सरळ दातांचा रीमर

चाचा, तुमच्या अमरावतीच्या वर्कशॉपमधला, भोकं आतून तासून मापात आणणाऱ्या दातेरी रीमरचा लाकडी खोका आता माझ्याकडे आहे. तेलाच्या फडक्यात गुंडाळलेला एकेक रीमर उलगडताना आजही मी आधी हात पुसते. आयटीआय करून तुमच्याकडे कामाला लागले तेव्हा मला वाटायचं, माप जुळलं की रीमर जुळला. दीड शहाणीच होते मी.

ती वर्षं अशी होती की वऱ्हाडात नवं यंत्र क्वचितच कोणी घ्यायचं, जुनंच चार-चारदा दुरुस्तीला यायचं. नांदगाव खंडेश्वरचा एक शेतकरी थ्रेशरची पुली घेऊन आला. "चाचा, सोयाबीन गंजीत हाय अन् आभाय भरून येऊन राहिलं. हे पुली गेली तं दुसरी भेटत नाई." घासलेल्या शाफ्टच्या जागी जरा जाड शाफ्ट बसवायचा होता, म्हणून पुलीचा बोअर, म्हणजे मधलं भोक, केसभर वाढवायचा. तुम्ही नमाजला गेलात आणि मी वाट न पाहता सरळ दातांचा रीमर लावला. बोअरमध्ये पुलीला शाफ्टशी जखडणारी लोखंडी चावी बसायची उभी खाच आहे, ती मला दिसतेय, पण डोक्यात शिरत नाही. अर्ध्या फेऱ्यातच दात खाचेत अडकतो, कट् असा आवाज येतो.

तुम्ही आलात, आतून बोट फिरवलंत. "ओरखडा हाय, पण वरवरचा. काहून घाई केली बेटा? आधी बोटानं पाह्यचं, मंग रीमर उचलायचा." मग पिळाच्या दातांचा रीमर काढलात. त्याचा दात तिरपा खाच ओलांडतो आणि तोवर बाकीचे धातूला धरून असतात, म्हणून तो अडकत नाही. हे मी पुस्तकात वाचलं होतं, पाहिलं त्या दिवशी. तेल सोडत, हलक्या हातानं फक्त पुढेच फिरवत होतात. बाहेर काढतानाही उलटा फिरवला नाहीत. ओरखडा गेला. नवा शाफ्ट अंगठ्याच्या दाबानं आत गेला, ना सैल ना घट्ट. शेतकरी पुली छातीशी धरून निघाला आणि मी तुमच्या बोटांकडे बघत राहिले. लोखंड तुमचं ऐकत होतं, असं मला आजही वाटतं.

हे पत्र त्याच खोक्यात ठेवतेय, दात तुटलेल्या त्या सरळ रीमरखाली. तुम्ही तो फेकला नव्हतात. त्या दिवशी मी म्हणाले होते, "दात आधीच तुटलेला होता." तुम्ही एवढंच म्हणालात, "असंल." रोज सकाळी एकेका दातावरून बोट फिरवून तुम्ही रीमर पुसायचात, हे मला माहीत होतं. नव्हता तुटलेला, चाचा.