शालू देऊन घेतलेले डबे

आई, काल तुझे प्लास्टिकचे डबे घरातून गेले. तुला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी ते माझ्या कोलशेतच्या स्वयंपाकघरात होते. हळदीने पिवळे पडलेले, आतून घासणीचे ओरखडे, झाकणं सैल. तुझ्या नातीला सातवा लागला आहे. पहिलं बाळंतपण माहेरी, यात विचारायचं काही असतं असं मला वाटलंच नव्हतं. पण परवा डोहाळजेवणानंतर पाहुणे गेले आणि ती माझं कपाट उघडून बसली. म्हणाली, "आई, हे सगळं असंच राहणार असेल तर मी सासरीच राहते. रागावू नकोस."

मी रागावले नाही. मागच्या खेपेला तिसऱ्या महिन्यात जे झालं, त्यानंतर ती फार सावध झाली आहे. ते कशामुळे झालं हे सांगता येत नाही, असं डॉक्टरीणबाई तेव्हाच म्हणाल्या होत्या. प्लास्टिक मऊ किंवा टणक करायला जे घालतात ते थोडं थोडं अन्नात उतरतं, गरम, तेलकट, आंबट पदार्थांत जास्त. घाबरायचं नाही, पण जमेल तितकं कमी करायचं, एवढंच त्यांनी सांगितलं. मुलीने ते मनावर घेतलं. टेबलावरचं रेक्झिन, लोणच्याची बरणी, टपरीवरून पिशवीतून येणारा गरम चहा, सगळ्यावर तिचं बोट फिरलं. एक डबा तिने उघडला, हुंगला. "हा किती जुना?" "तुझ्या आजीचा." "आणि तू यात उकळतं वरण ओततेस?" ओतते. तूही ओतायचीस.

डोंबिवलीचं आपलं घर, दुपारची वेळ, बोहारीण दारात बसली आहे. माझ्या कॉन्व्हेंटमधल्या मुली रंगीत डबे आणतात आणि माझा पितळी डबा बाकावर ठेवला की खणकन वाजतो, म्हणून मी आदल्या दिवशी रडले आहे. तू जुने कपडे पुढे करतेस, बोहारीण ते बोटाने बाजूला सारते. मग तू आत जाऊन तुझा लग्नातला शालू घेऊन येतेस. "ताई, जरीला आता कोण विचारतंय? दोन डबे देते." "दोन? शालू आहे बाई, पोतेरं नाही! उतरंडीसारखे लावलेत ते सगळे काढ." ती सगळे काढते, वर एक टब पण देते, आणि तू अशी हसतेस की जणू तिलाच फसवलंस. दुसऱ्या दिवशी गुलाबी डब्यात गरम पोळी आणि बटाट्याची भाजी. मी घरी येऊन म्हटलं, भाजीला वास येतो. तू कणीक मळता मळता म्हणालीस, "वास येतो म्हणे! नव्या बुटालाही येतो, म्हणून काय अनवाणी जातेस?" पुढे वास येईनासा झाला, किंवा मला तो कळेनासा झाला.

काल सकाळी मी तिच्यासाठी थालीपीठ करायला घेतलं. दुधाची पिशवी कापून, धुऊन, तेलाचं बोट लावून तिच्यावर थापलं आणि तव्यावर उलटं केलं. पिशवीची कड तव्याला लागून आक्रसली. मुलगी मागेच उभी होती. "आई! अगं, हे काय?" "आजीने असंच शिकवलं." "आजीला तरी कुणी शिकवलं?" तुझ्या आईकडे पिशवीतलं दूध कुठून येणार. ती ओल्या फडक्यावरच थापत असणार. ते तूच बदललंस. फडकं चिकटतं, पिशवी सुटते, हा तुझा शोध. शेजारणींना बोलावून दाखवायचीस. मी जुन्या पंचाचा तुकडा ओला केला. पहिलं थालीपीठ तव्यावर पडताना तीन ठिकाणी फाटलं. तिने ते तसंच खाल्लं, लोण्याबरोबर.

खाताना तिने विचारलं, "आजीला माहीतच नव्हतं का गं?"

"तेव्हा कुणाला माहीत होतं? लग्नातला शालू देऊन घेतले तिने हे डबे."

"शालू? तो कशाला देऊन टाकला तिने?"

"माझ्यासाठी."

दुपारी आम्ही दोघींनी मिळून कपाट रिकामं केलं, आणि संध्याकाळी निघताना चप्पल चढवत ती म्हणाली, "शनिवारी येते सामान घेऊन. पंचे धुऊन ठेव, आणि थालिपिठाची प्रॅक्टिस कर जरा."

म्हणजे ती येते आहे. हे तुला सांगावंसं वाटलं म्हणून लिहायला बसले; पाठवायचं तर कुठेच नाही. पण एक गोष्ट तिला सांगितली नाही, ती इथे लिहिते. तू असतीस तर तुला हे सगळं समजावून सांगावं लागलं असतं. आधी तू हसण्यावारी नेलं असतंस. मग गप्प झाली असतीस, आणि मग एकेक दिवस आठवत बसली असतीस, कशात काय भरलं, किती कढत होतं, पोरीला काही बाधलं का. मला ते बघवलं नसतं. तू गेल्यापासून तू हवी होतीस असं कितीदा तरी वाटलं आहे. काल पहिल्यांदा, तू नाहीस याचं मला थोडं बरं वाटलं.