आईची निळी पत्रं

लालबाग,
मंगळवार

प्रिय धनूदादा,

रविवारी तू फोन आदळलास तेव्हापासून माझं डोकं ठिकाणावर नाही. आई ब्याण्णव वर्षांची आहे, महिनाभर अंथरुणाला खिळली आहे, डॉक्टरांनी फार दिवस नाहीत म्हणून सांगितलंय. आणि तू लंडनहून मला ऐकवतोस, की चाळीस वर्षांत आईने एकदाही ‘ये’ म्हटलं नाही, मग आता माझं तिथे काय काम? वर म्हणालास, तिची सगळी निळी पत्रं जपून ठेवलीयत, हवं तर एकेक वाचून दाखवतो. फोनवर बोलले असते तर तोंडातून काय गेलं असतं देव जाणे, म्हणून लिहायला बसले. पोस्टात ते निळं हवाई पत्र मागितलं तर खिडकीतली मुलगी माझ्याकडे बघतच राहिली. तेव्हा हे वहीच्या कागदावर लिहितेय, माझा राकेश फोटो काढून तुला पाठवेल.

आईची पत्रं म्हणे! अरे, आईला सही करता येत नाही हेही विसरलास? लिहायची मी. रविवारी दुपारी पाटावर तो निळा कागद पसरायचा, घड्या घालून चिकटवला की त्याचंच पाकीट. आत काही घालायला बंदी, तसं त्यावर छापलेलंच असायचं. तरी शेजारच्या राधाबाईंनी एकदा गणपतीचा अंगारा आत सरकवला, आणि पोस्टातल्या माणसाने अंगठ्याने चाचपून भर रांगेत मला झापलं. कागदाचा पहिला भाग बाबांचा, नोकरी सांभाळ, थंडीत कान बांध. मग आईचा. ती भाकऱ्या थापता थापता सांगायची, मी उतरवून घ्यायची. माझ्या वाट्याला चिकटवायच्या कडेजवळची बोटभर जागा. पत्र उघडताना ती कड फाटते आणि माझं अर्धं वाचताच येत नाही, असं तूच मोठ्या मजेने कळवलं होतंस.

बाबांच्या गिरणीला टाळं लागलं तेव्हा तुला काही कळवायचं नाही असं त्यांनी बजावलं. मी लिहिलं, सगळं छान. बाबा वडाळ्याला वॉचमन म्हणून उभे राहिले तेव्हाही सगळं छान. आणि तू ते खरं मानलंस! मुंबईतल्या गिरण्या बंद पडल्याचं तिकडेही कळलं असणार, मग आपल्या घरी वर्षानुवर्षं सगळं छान कसं, असं तुला एकदाही विचारावंसं वाटलं नाही? पुढे पुढे तुझी पत्रं सहा-सहा महिन्यांनी यायला लागली. आई रोज अकरा वाजता जिन्याच्या तोंडाशी जाऊन उभी राहायची. पोस्टमन वर चढण्याचे कष्टही घ्यायचा नाही, खालूनच हात हलवायचा. मग ती आत येऊन माझ्यावर करवादायची, तुझ्यावर कधीच नाही. तुझ्यावर चिडायचं काम मी केलं, आणि अजून करतेय.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते सांगते. प्रत्येक पत्राच्या शेवटी आई आपल्या मालवणीत एकच वाक्य सांगायची. ‘झीला, एकदा येवन जा, माका तुका बघूचा आसा.’ प्रत्येक पत्राच्या, दादा. बाबांनी ते लिहू नको म्हटलं नव्हतं. जागाही असायची. मीच लिहिलं नाही. मला वाटायचं, बोलावल्यावर आलास तर त्यात काय मोठं? आपणहून यायला हवंस. आईने हात जोडायचे आणि तू उपकार केल्यासारखा यायचास, हे मला सोसत नव्हतं. डिंक लावण्याआधी ती विचारायची, ‘लिवलंस मां गो?’ आणि मी हो म्हणायची. नंतर घरात फोन आला तरी ती त्यावर तुझ्याकडे काही मागायची नाही, पत्रात सगळं सांगून झालंय म्हणायची. ती आजही समजते, की तू ते दर वेळी वाचलंस आणि तरी आला नाहीस. खरं काय ते तिला सांगायला माझी जीभ रेटत नाही. ते तू सांग, माझं नाव घेऊन सांग, पण तिच्यासमोर बसून सांग. नंतर माझ्याशी आयुष्यभर बोलू नकोस, चालेल. तिला आता फक्त डाव्या कानाने ऐकू येतं.

तुझीच,
लक्ष्मी