रांगोळीने घासलेली राणी

५ ऑक्टोबर, रविवार

भाची केतकीने इंग्लंडातून, लेस्टरहून, यादी पाठवली. तिकडच्या टांकसाळीची येत्या काही महिन्यांतली नाणी. पहिली पानं बुलियनची, ती मी वाचतही नाही. वजनावर विकायच्या सोन्याचांदीत काय बघायचंय? मला हवं होतं ते पान सहावर. पक्षी मालिका, दहावं आणि शेवटचं नाणं : चंडोल. चांदी, प्रूफ, म्हणजे आरशासारखी पॉलिश. ६ नोव्हेंबर, तिकडचे सकाळचे नऊ. एका घराला एकच. परदेशात पाठवणार नाहीत.

नऊ पक्षी आहेत माझ्याकडे. हा एक आला की झालं.

सु. म्हणाली, "झालं म्हणजे काय हो? पक्षी संपले की प्राणी काढतील ते."

बायकोला उत्तर देणं हे काही आपलं काम नाही. पण चहा गार होईस्तोवर तेच डोक्यात.

९ ऑक्टोबर, गुरुवार

हॅरल्डचा मेल. डर्बीचा हा म्हातारा, वय ८१, माझा वीस वर्षांचा पत्रमित्र. एकदाही भेटलो नाही. त्याच्या गुडघ्यांची मला खबर, माझ्या बी.पी.ची त्याला. मालिकेतला पहिलाच पक्षी त्याच्याकडे नाही. रेन, चिमणीपेक्षाही छोटा. तो आला त्या वर्षी हॅ.ची बायको दवाखान्यात होती.

माझ्याकडे रेन दोन. एकावर दुधाळ डाग पडलाय, तो माझ्यासाठी. दुसरा निष्कलंक, कडेने निळसर-सोनेरी झाक चढलेला. आठ-नऊ वर्षं बंद डबीत राहून चांदीला असा रंग येतो, आणि आम्हा लोकांना त्याचंच वेड. तो हॅ.ला द्यायचा. बदल्यात तो आपल्या नावावर चंडोल घेऊन मला देणार. त्याच्या स्वतःसाठी त्याची मुलगी घेईल. केतकी डिसेंबरात येतेय, रेन तिच्या हाती जाईल.

हॅ. लिहितो, "फोटो पाठव, डबीतून बाहेर काढून. काचेवर उजेड चमकतो. आणि शरद, हात लावू नकोस!" मला सांगतोय. तीस वर्षं चष्म्याचं दुकान आहे माझं, लोकांच्या काचा बोट न लावता उचलतो मी.

१४ ऑक्टोबर

घरात दिवाळीची आवराआवर. कामाच्या मंदाताई सुट्टी घेऊन गावी गेल्या, इगतपुरीकडे, भात कापायला. आता नोव्हेंबरातच. सु. माळ्यावर चढलेली, मी खालून "सांभाळून" म्हणतोय. तेवढाच माझा हातभार.

आई विचारते, "माझ्या राणीछापाची डबी कुठंय रं?" तिच्या माहेरचे, दिंडोरीचे, चांदीचे पाच रुपये. व्हिक्टोरिया राणीचे. लग्नात मिळालेले. दर लक्ष्मीपूजनाला निघतात, घासले जातात, पूजेला बसतात, परत डबीत. मी मधूनमधून एखादा काढून भिंगाखाली बघतो आणि टेबलावर विसरतो. मग तिची बोलणी खातो.

तिचा मोतीबिंदू पिकत चाललाय. ऑपरेशन म्हटलं की "दिवाळी होऊ दे". मागच्या वर्षीही हेच. मीही फार जोर लावत नाही, खरं सांगायचं तर.

२१ ऑक्टोबर, लक्ष्मीपूजन

लिहवत नाही. तरी लिहितो.

दुपारी खिडकीशी उजेड छान होता. रेन डबीतून काढला, मखमली कपड्यावर ठेवला, चार फोटो. तेवढ्यात दुकानातून फोन, गुरुजी आलेत, पूजा लवकर उरकू म्हणतात. कपड्याचा कोपरा नाण्यावर टाकला आणि निघालो. पाच मिनिटांचं काम म्हणून. दोन तास लागले.

घरी आलो तर पाट मांडलेला. झेंडू, लाह्या-बत्तासे, केरसुणी, आणि ताटात आईचे राणीछाप. पाच नाहीत, सहा. सहावा सगळ्यांत लख्ख. त्यावर हळद-कुंकू. दुधाचा थेंब अजून ओला.

आई खुशीत. "एक बाहेरच राहिला व्हता बघ, टेबलावर. लय काळा पडला व्हता कडंनं. रांगोळीनं घासला, लिंबू लावलं. केवढा उजळला! मोर हाय ना रं त्याच्यावर?"

मोर.

मी ओरडलो. पूजेच्या पाटासमोर, सणाच्या दिवशी, चौऱ्याऐंशी वर्षांच्या बाईवर. काय बोललो ते इथे लिहिणार नाही. सु.ने आरती एकटीने म्हटली.

२२ ऑक्टोबर, पाडवा

आई बोलत नाही. म्हणजे "मीठ दे" वगैरे बोलते, पण माझ्याकडे बघून नाही. राणीछापाची डबी माझ्या टेबलावर आणून ठेवलीय. सु.ला म्हणाली, "त्याच्यापाशीच राहू दे. मला दिसत नाय, मी कशाला हात लावू."

सु.ने मला ओवाळलं, अगदी सरळ चेहऱ्याने. मग म्हणाली, "ओवाळणीत चांदी नको हो. घासावी लागते."

हसू आलं असतं एरवी.

२७ ऑक्टोबर

दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. रेन दहापट भिंगाखाली घेतला. पक्षी ठीक आहे, पिसंही आहेत. पण मागची आरशासारखी पाटी गेली. बारीक बारीक ओरखडे, सगळे गोल गोल. आईचा हात गोल फिरतो घासताना. कढई, तांब्या, सगळ्याला तसाच. दुसऱ्या बाजूला तिकडच्या राणीचं डोकं, तिच्या गालावर तर सगळ्यात जास्त. निळा-सोनेरी रंग साफ.

रांगोळी म्हणजे शेवटी दगडाची पूड. आणि तिची तरी काय चूक? राणीचं डोकं, चांदी, दिवाळी. बोटांनी चाचपून तिने ओळखलं, ते बरोबरच ओळखलं. जन्मभर हेच करत आलीय. नाणं उघडं टाकून गेलो तो मी. हे मला त्याच दिवशी कळलं होतं, म्हणून तर एवढा ओरडलो.

३१ ऑक्टोबर

मनात घाण विचार. घासण्याआधीचे चार फोटो आहेत फोनमध्ये. सुंदर आलेत. ते पाठवावेत, हॅ. खूश होईल, ६ तारखेला चंडोल घेईल. डिसेंबरात नाणं हातात पडलं की बघेल, तर म्हणता येईल, प्रवासात...

प्रवासात काय? विमानात रांगोळी घातली कुणी?

किंवा म्हणायचं, माझा विचार बदलला, रेन देत नाही. मग चंडोलही नाही. नवावर थांबायचं. थांबता येत नाही मला. दोन दिवस गिऱ्हाइकांवर खेकसतोय. एका मास्तरांना उलटा नंबर लावून दिला, ते बिचारे "जरा गरगरतंय" म्हणत परत आले.

४ नोव्हेंबर, मंगळवार

हॅ.ला लिहिलं. नाणं घासलं गेलंय, आता ते प्रूफ राहिलं नाही, फोटो दोन्ही जोडतोय, आधीचा आणि नंतरचा. तुझ्यावर चंडोलचं बंधन नाही.

इथपर्यंत बरं. मग "घासलं कुणी" लिहायची वेळ आली. "माझ्या आईने" असं लिहिलं. खोडलं. डोळ्यांसमोर आलं, डर्बीतला तो म्हातारा कापडी हातमोजे घालून वाचतोय की शरदच्या घरी प्रूफ नाणी लिंबू-रांगोळीने घासतात. लाज वाटली. कशाची, ते धड सांगता येत नाही. तिची की माझी.

लिहिलं, "कामाला येणाऱ्या बाईने, न विचारता."

पाठवलं. मंदाताई तर तेव्हा इगतपुरीला वावरात होत्या.

६ नोव्हेंबर, गुरुवार

दीडला दुकानाचं शटर अर्धं ओढून मोबाईल घेऊन बसलो. तिकडचे नऊ म्हणजे आपले दीड. पान उघडेना. "लवकरच" एवढंच. केतकीला फोन. ती म्हणे, "मामा, हिवाळ्यासाठी आमची घड्याळं तासभर मागे गेली ना. अजून तास आहे."

एक तास. समोरच्या रसवंतीतून दोन ग्लास प्यायलो, साखर असून.

हॅ.चा भरवसा नाही, म्हणून अडीचला केतकी ऑनलाइन रांगेत. तिच्यापुढे हजारो. तीन वाजायच्या आत संपलं. "सॉरी मामा." तिचा आवाज इतका पडलेला की मीच तिला समजावत बसलो.

हॅ.ने घेतलं का? कळायला मार्ग नाही. मंगळवारपासून उत्तर नाही.

९ नोव्हेंबर, रविवार

मेल नाही.

मंदाताई परतल्या. नवा तांदूळ आणला पिशवीभर, आमच्यासाठी. "दादा, वास बघा किती." मी वास घेतला. त्यांच्याकडे बघवेना. सु. विचारते, बी.पी.ची गोळी घेतली का. मग तिला सांगून टाकलं, मेलमध्ये काय लिहिलं ते. ती भांडी पुसायची थांबली.

"म्हणजे आईंना घरात बोललात आणि बाहेर मंदाला. स्वतःला कधी बोलणार?"

११ नोव्हेंबर

आईला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. न विचारता रिक्षा बोलावली, तीही न बोलता बसली. पुढच्या आठवड्यात ऑपरेशन. तिथे अक्षरांचा तक्ता होता, तिला वरची ओळही येईना. दोन वर्षांत इतकं वाढलेलं, आणि घरात डोळ्यांचा धंदा.

परतताना रिक्षात म्हणाली, "त्यो मोर नव्हता का रं?"

"नाही. छोटा पक्षी आहे. रेन म्हणतात."

"मोठा वाटला हाताला."

बऱ्याच दिवसांनी माझ्याशी बोलली. खूप बरं वाटलं.

१२ नोव्हेंबर, बुधवार

हॅरल्डचं उत्तर आलं. मोठं. जमेल तसं मराठीत उतरवून ठेवतो.

"शरद, उशीर झाला, माफ कर. तुझं पत्र वाचून आठवडाभर काही लिहवेना. चंडोल मिळाला. तुझाच आहे. रेनही पाठव, जसा असेल तसा. मला तो हवाय, आणि का ते सांगतो.

माझी आई सोळाव्या वर्षी एका मोठ्या घरी कामाला होती. एक चांदीची किटली होती, आतून सोन्याचा मुलामा. चांगलं काम दाखवावं म्हणून तिने आतूनही घासली, मुलामा निघेपर्यंत. त्याच संध्याकाळी तिला काढलं. नऊ मैल चालत घरी आली. म्हातारपणीसुद्धा सांगताना तिचा आवाज बदलायचा. ती म्हणायची, मला कुणी विचारलंच नाही की मी का घासली.

म्हणून एकच मागतो. त्या बाईला काढू नकोस. ओरडला असशील तर तिच्याशी नीट बोल. ती कशी आहे ते मला कळव."

तीनदा वाचलं. चष्मा पुसला, परत वाचलं.

चंडोल माझा झाला. दहा पूर्ण. सव्वा महिना ज्याच्यासाठी जीव खालीवर होत होता ते हातात आलं, आणि आलं ते मंदाताईंच्या नावावर. गप्प बसलो तर काही बिघडत नाही. "बाई मजेत आहे, अजून कामाला येते" असं लिहिलं तर एक अक्षरही खोटं नाही.

खरं लिहिलं तर? ज्या माणसाने आईची गोष्ट सांगितली त्याला सांगायचं, की मी माझ्या आईवर ओरडलो आणि मग तिला मोलकरीण म्हणून दाखवलं. तो चंडोल देईल न देईल, पण पुन्हा लिहील का?

१३ नोव्हेंबर, गुरुवार

सकाळी दुकानात गेलो नाही. आई उन्हात खुर्ची टाकून लसूण सोलत होती, बोटांच्या अंदाजाने. तिच्यासमोर स्टुलावर बसलो आणि हॅ.चं पत्र वाचून दाखवलं, मराठीत, सगळं. किटली, नऊ मैल, सगळं.

ती ऐकत राहिली. मग म्हणाली, "गरीब माउली. पर कोणत्या बाईचं म्हणतोय त्यो? मंदा तर नव्हती तवा."

सांगितलं.

लसूण सोलणं थांबलं. मला वाटलं आता उठून आत जाईल. ती म्हणाली, "मला लाजलास व्हय रं?"

हो म्हणालो. दुसरं काय म्हणणार.

मंदाताई आत फरशी पुसत होत्या, बादलीचा आवाज येत होता.

मग आई म्हणाली, "लिही त्याला. म्हणावं, मीच घासला. म्या शरदची आई. रांगोळी बारीक चाळून घेतली व्हती. काळं पडलेलं देवाला कसं ठेवायचं, म्हणून घासला. त्याच्या आईला कोणी इचारलं नाय, मला बी नाय."

ती सांगत गेली, मी फोनवर इंग्रजीत लिहीत गेलो. "रांगोळी"ला शब्द सापडेना, तसाच ठेवला. शेवटी माझी एक ओळ घातली, की मंगळवारचं खोटं माझं होतं. आईने विचारलं, "सगळं लिवलं का? डोळ्याचं बी लिही, पुढल्या आठवड्यात कापणार म्हणून. नायतर म्हणंल म्हातारी आंधळी हाय."

तेही लिहिलं. साडेदहाला पाठवलं. तिकडे पहाटेचे पाच, तो झोपलेला असणार.

रेन डबीतून काढून आईच्या तळहातावर ठेवला. हातमोजे नाहीत, कपडा नाही. तिने अंगठ्याने चाचपला, गोल गोल.

"चोच कुठंय रं याची?"

बोट धरून दाखवली.

दुपारचे दोन वाजले. डर्बीत आता साडेआठ. हॅरल्ड आठला उठतो, आधी चहा, मग मेल. आई दर दहा मिनिटांनी विचारतेय, "उठला का त्यो?"