टोपल्याखालचा काबऱ्या

७ फेब्रुवारी

नमुने पॉझिटिव्ह! बर्ड फ्लू. एका किलोमीटरच्या आतलं पाखरू न पाखरू मारायचं. अख्खा गाव त्यात येते, आमचं घरही. मी पशू दवाखान्यात पर्यवेक्षक झाली तेव्हा माय गावभर सांगत होती, पोरगी जनावरं वाचवते. वाचवते!

आमच्या दवाखान्यातल्या धम्मदीप सरांनी दुपारी समजावून सांगितलं. विषाणू ना जिता, ना मेला. खात नाई, श्वास घेत नाई. एकटा असला की धुळीसारखा पडून राहते. पण अंगातल्या पेशीत घुसला की तिच्याच चुलीवर आपल्या भाकरी थापून घेते — आपल्यासारखे हजारो बनवते, अन् निघताना घर फोडून जाते. मंग ते हजारो नवी घरं धरतात.

आम्हाले दहा-दहा कॅप्सूल देल्या, उद्यापासून रोज एक. तिच्यानं त्या हजारोंचं बाहेर पडायचं दार बंद होते. पण ताप आल्यावर दोन दिवसांच्या आत द्या, सर म्हणाले, नंतर भरवसा नाई.

९ फेब्रुवारी

मान धरायची, खेचायची, पिळायची. कटकन आवाज येते. मंग पोत्यात, मंग खड्ड्यात, वरून चुना. सातशेनंतर मी मोजणं सोडलं. हातमोज्यातूनही मान गरम लागते. काही पोत्यात फडफडतच होत्या, त्यांच्यावरही चुना टाकला.

गोंडांच्या सोनीबाईनं पेनासाठी, म्हणजे त्यांच्या देवासाठी, नवस बोललेला कोंबडा पदराखाली धरला. सोडेच ना. मी ओढला तर मनगटाले कडकडून चावली. माह्या अंगात काय आलं होतं कोणास ठाऊक — तिच्या डोळ्यासमोर त्याची मान पिळली, गरजेपेक्षा जास्त पिळली. मुंडकं हातातच आलं.

"देवाचा होता बाई तो," एवढंच म्हणाली ती.

संध्याकाळी आमचं घर. दिनेशनं, माह्या भावानं, आठही कोंबड्या स्वतः आणून देल्या. त्या मारल्या. राहिला काबऱ्या, त्याचा झुंजीचा कोंबडा. दोन वर्षं बदाम चारून वाढवलेला. दिनेश टोपल्यावर हात ठेवून बसला, काहीच बोलला नाई. बोलला असता तर मी मारलाही असता. यादीत लिहिलं, शिल्लक निरंक. त्याले बजावलं — पंधरा दिवस टोपलं उचलू नको.

१० फेब्रुवारी

बोअरिंगवर सोनीबाई. तुह्या घरचेही मारले का, विचारलं. मारले म्हटलं.

११ फेब्रुवारी

गाढव! मूर्ख! काल हा दिनेश काबऱ्याले घेऊन जंगलातल्या कोंबडबाजारात गेला होता!

हसत हसत सांगून राह्यला मले. काबऱ्याच्या पायाले काती, म्हणजे धारदार पातं, बांधली होती. समोरच्याची काती काबऱ्याच्या छातीत गेली, नरड्यात रक्त भरलं, मान पडली. मंग यानं तेच केलं जे सगळे खेळणारे करतात — चोच तोंडात धरून रक्त ओढलं, थुकलं, पुन्हा ओढलं. काबऱ्याले श्वास आला, उठला, अन् त्यानं दुसऱ्याचं पोट फाडलं. आतडी बाहेर! हे सांगताना त्याचा चेहरा पाहायसारखा होता.

मी कानाखाली ठेवून देल्ली. टोपलं उचललं. काबऱ्या मान टाकून बसला होता, तुरा निळा पडलेला. जखमेनं तुरा निळा होत नाई, मले माहीत आहे.

दवाखान्यात चल म्हटलं दिनेशले, आत्ताच्या आत्ता.

"मंग तुही नोकरी?" तो म्हणाला. "मी नाई येत."

माह्या पट्टीतल्या उरलेल्या सात कॅप्सूल त्याच्या हातात देल्या. सकाळी एक, संध्याकाळी एक. अजून तापही नाई त्याले. दार बंद होईल. होईलच.

१२ फेब्रुवारी

काबऱ्या मेला. दिनेशनं परसात पुरला, जेवला नाई. कॅप्सूलचं विचारलं तर म्हणे पट्टी खिशात हाय, काऊन पाठी लागली? आजारी माणसासारखा दिसत तर नाई. देवा.

१४ फेब्रुवारी

ताप. एकशे तीन.

१६ फेब्रुवारी

जिल्ह्याच्या दवाखान्यात आहो. दिनेशच्या खोकल्यात रक्त पडते. श्वासाची नळी ओढून काढत होता, म्हणून हात पलंगाले बांधले. चौघांनी दाबून धरला तेव्हा बांधता आले. त्या पोत्यातली फडफड आठवली.

नळी घालायच्या आधी डॉक्टरांनी विचारलं होतं, आजारी कोंबड्यांशी संबंध आला का? काबऱ्याचं माहीत असूनही माय छाती ठोकून म्हणाली, माह्या पोरीनं सगळे मारले, घरचेही सोडले नाई! दिनेशनं माह्याकडे पाहून मान हलवली. नाई.

मी भिंतीले टेकून उभी होती. मनात म्हटलं, औषध तर त्याच्या पोटात गेलंच आहे, सांगून हे डॉक्टर वेगळं काय देणार? असं म्हटलं मी. नोकरीचंही मनात होतं, खोटं काऊन लिहू.

१७ फेब्रुवारी

नर्सनं त्याचे कपडे आणून देल्ले. पँटच्या खिशात पट्टी. माह्या तीन सोडून दोनच फोडलेल्या, पाच तशाच.

मायले विचारलं. "त्या काबऱ्याच्या होत्या ना?" माय म्हणाली. "दिनेश म्हणे आजारी तर तो हाय, मले काय झालं? गुळात घालून दोन चारल्या. तिसरीच्या आधी मेला."

पट्टी डॉक्टरांच्या टेबलावर ठेवली. सगळं सांगितलं. त्यांनी एवढंच विचारलं, ताप येऊन कितवा दिवस?

चौथा, मीच म्हटलं.