तेविसावा धक्का

सेलर्स फेरी, अलाबामा
गुरुवार, १२ नोव्हेंबर २०१५

प्रिय ऑर्ली,

तू, तुझी बायको आणि तिन्ही मुली खुशाल असाल. माझं गुडघ्यांचं रडगाणं सोडलं तर बरं चाललंय. तू पाठवलेले पेकानचे अक्रोड मिळाले. निम्म्यांचा केक केला, निम्मे खारीने पळवले. तिला अडवायला आता घरात कोणी नाही.

माझ्या लॉइडच्या दफनाला तू सहा तास गाडी चालवून आलास, मागच्या बाकावर बसलास आणि कोणाशी न बोलता निघून गेलास. मी पाहिलं होतं. पाठमोरा असलास तरी ओळखते मी तुला. चार वर्षं तुझ्या पाठीवरचा आकडा बघत स्टेडियममध्ये बसले आहे.

आज गुरुवार, म्हणून लिहायला बसले. गुरुवार म्हटलं की अजून हात मोठ्या पातेल्याकडे जातो. लॉइडच्या फुटबॉल संघातली, चेंडू घेऊन पळणारी चार पोरं त्या दिवशी आमच्याकडे जेवायची. तुम्ही कोंबडी संपवायचात आणि पाल्याच्या भाजीला हात लावायचा नाहीत. लॉइडचा नियमही आठवत असेल. ज्याच्या हातून सामन्यात चेंडू सुटला, त्याने आठवडाभर तो काखेत घेऊन हिंडायचं, आणि कोणीही तो पाडायचा प्रयत्न करायचा. तू पहिल्या वर्षी एका हाताने जेवत होतास. मी भाजी वाढता वाढता कोपराने चेंडू उडवला, तो थेट रश्श्यात पडला.

“मिस ओडेट, तुम्हीसुद्धा!” तू ओरडलास.

“नन्सच्या शाळेत शिकलेल्या बाईवर विश्वास ठेवू नये, पोरा,” लॉइड म्हणाला.

किती हसलो होतो. आता तेच वाक्य मला टोचतं.

तू आल्या आल्या त्याने तुला चेंडू दिलाच नाही. सहा महिने नुसतं अडवायला शिकवलं. “पळायला काय, शेतातलं रानडुक्करही पळतं. आपल्या गड्यावर धावून येणाऱ्याच्या आडवा उभा राहतोस का, ते दाखव.” तू चिडून माझ्याकडे स्वयंपाकघरात यायचास. मी तुला बशा पुसायला द्यायचे. राग त्या बशांवर निघायचा, आणि एकही फुटली नाही.

तू किती यार्ड पळालास ते लॉइड कधी लिहीत नसे, हे तुला ठाऊक आहे. त्याच्या वहीत फक्त धक्के असायचे. रविवारी चर्चहून आला की सामन्याची फिल्म लावायचा आणि कोणाला किती वेळा आपटलं ते मोजायचा. आकडा वाढला की पुढच्या आठवड्यात त्या पोराच्या वाट्याचे चेंडू दुसऱ्याला. तुम्ही त्याला कंजूष म्हणायचात. बार्टन ली या त्याच्या जुन्या खेळाडूबद्दल मात्र त्याने तुम्हाला सांगितलं नाही. तरुणपणी लॉइडने त्याला एका सामन्यात चाळीस वेळा चेंडू दिला होता. त्या धक्क्यांपायी चाळिशीतच बार्टनच्या बुटांची नाडी त्याची बायको बांधायची. त्याला भेटून आल्यावर लॉइडने पहिली वही आणली.

ऑर्ली, पेकानच्या खोक्यात तुझं कार्ड होतं. “कोचना मी अजून माफ करू शकलो नाही. पण त्या घरात शब्द पाळणारं एक माणूस होतं, तुम्ही. म्हणून दफनाला आलो.” ते कार्ड मी देवमातेच्या मूर्तीपाशी ठेवलं, आणि तेव्हापासून त्या कोपऱ्याकडे बघत नाही.

आता लिहितेच.

तुझ्या शेवटच्या सामन्याआधीचा तो गुरुवार. तू चहात तिखट सॉस ओतलास आणि प्यायलासही. मग बशा पुसताना मला तीनदा विचारलंस, या कुठे ठेवायच्या? चार वर्षं तूच ठेवत होतास. मी नळ बंद केला. तेव्हा तू सांगितलंस की मागच्या शनिवारच्या सामन्यात मैदानाबाहेर पाय घसरला, डोकं लोखंडी बाकावर आपटलं, आणि कोणी पाहिलं नाही.

“परवा व्यावसायिक संघांचे लोक मला बघायला येणारेत, मिस ओडेट. कोचना सांगू नका. शपथ घ्या.”

मी गळ्यातल्या पदकाला हात लावून शपथ घेतली. आणि तुमची गाडी कोपऱ्यावर वळायच्या आत लॉइडला सगळं सांगितलं. हातही ओलेच होते.

त्याने वही काढून काहीतरी लिहिलं. मग म्हणाला, “तू मला काही सांगितलंच नाहीस, असं धर. बाकी माझ्यावर सोड.”

दुसऱ्या दिवशी त्याने तुम्हा चौघांनाही डॉक्टरांकडे पाठवलं, तुला एकट्याला शंका येऊ नये म्हणून. डॉक्टर त्याला म्हणाले, या पोराला आणखी एक धक्का बसू देऊ नका. शनिवारी त्याने सगळ्यांसमोर तुला सांगितलं, “मंगळवारी सरावात दोनदा अडवायला चुकलास. बाकावर बस.”

तू चुकला नव्हतास. चार वर्षांत तुझ्याइतकं चांगलं अडवणारा त्याला दुसरा मिळाला नाही, हे तो मरेपर्यंत सांगायचा, पण फक्त मला. तू हेल्मेट आपटून म्हणालास, “तुमच्या घरचं जेवलो मी, कोच, आणि तुम्हीच मला गाडलंत!” तो खाली मान घालून उभा राहिला. ते शब्द माझ्या वाट्याचे होते. त्याने घेतले.

तुला खरं सांगायला हवं होतं. तो माझं मोडलेलं वचन झाकत राहिला, आणि मी चोवीस वर्षं त्याच्या मागे दडून बसले. तुझ्याकडून नाताळचं कार्ड यायचं ते माझ्या एकटीच्या नावाने. तो ते वाचायचा, माझ्या हातात द्यायचा आणि म्हणायचा, “अक्षर बघ, कसं सरळ आहे.”

तेवढ्यासाठी मी देवाचे आभार मानते, ऑर्ली. तुझं अक्षर सरळ आहे. तुला तिन्ही मुलींचे वाढदिवस आठवतात. आता तूही जॉर्जियात पोरांना चेंडू छातीशी धरायला शिकवतोस, तुझ्या टेबलावरही ती जेवायला बसतात. त्यांच्या बशांकडे लक्ष ठेव. फिल्ममध्ये दिसत नाही ते तिथे दिसतं.

सोबत त्या वर्षीची वही पाठवते आहे. शेवटून दुसऱ्या सामन्याचं पान बघ. तुझ्या नावापुढे बावीस लिहिलेलं आहे, ते खोडून वेगळ्या शाईने तेवीस केलंय. त्या गुरुवारी लॉइडने तो बाकाचा धक्का मोजला तेव्हा मी तिथेच उभी होते, ओल्या हातांनी.

हे वाचून माझ्यावर रागव. मी पुष्कळ दिवस त्या रागाचं देणं लागते. पण त्याच्यावरचा राग आता सोड.

पुढचं कार्ड आलंच, तर त्यावर दोघांची नावं घाल.

तुला दिलेला शब्द मोडलेली, आणि तो मोडल्याबद्दल रोज देवाचे आभार मानणारी,
मिस ओडेट