उणे अठरा

६ मार्च, शुक्रवार
धाकटी बहीण १६ तारखेपासून कामावर रुजू होणार. बाळ दिवसभर आमच्याकडे. त्याच्यासाठी तिने कितीतरी दिवस अंगावरचं दूध काढून भरलेल्या पिशव्या आज आमच्या फ्रीजरमध्ये आल्या. दादा, नीट सांभाळ, म्हणाली. इतकी मोठी जबाबदारी आजवर माझ्यावर कुणी टाकली नव्हती. (बायको म्हणते, त्याला कारण आहे.) तापमान उणे अठरा हवं; एकदा वितळलं की दूध एका दिवसात संपवावं लागतं. आमचा फ्रीज कधी बिघडला नाही, पण आम्ही कधी मोजलं तरी कुठे? वायरवाला थर्मामीटर आणला. टोक आत, आकडा बाहेर. वायर दारातून जाते, पण बारीक आहे.

७ मार्च
उणे अकरा. बरं झालं मोजलं!

संध्याकाळी नॉब शेवटपर्यंत फिरवला. मग वाटलं, घाई झाली का? अर्धा मागे घेतला. मग पुन्हा पुढे.

८ मार्च
खालच्या कप्प्यातला पालक काचेसारखा कडक. वर उणे नऊ. मी फ्रीजसमोर खुर्ची टाकली. आई म्हणाली, मी आजारी होते तेव्हा माझ्याजवळ इतका बसला नव्हतास.

१० मार्च
फ्रीज पुढे ओढून मागची जाळी ब्रशने साफ केली. फरशीला ओरखडा. तो आधीचाच आहे, असं बायकोला सांगितलं. हे खोटं ठरतं का? तिने विचारलं त्याच्या आधीचा तर होताच. उणे आठ.

११ मार्च
घरातलं कुणीतरी सारखं दार उघडत असणार. 'विचारल्याशिवाय उघडू नये' अशी चिठ्ठी लावली. बायकोने विचारलं, दही घेऊ का? मग, कोथिंबीर घेऊ का? मी आंघोळीला गेलो तर बाथरूमच्या दारावर थाप : साहेब, चहाचं दूध घेऊ का? चिठ्ठी काढली.

१२ मार्च
सापडलं! दाराचं रबर एका जागी उचललं गेलंय. बर्फही तिथेच साचतो. नशीब, वायर नेमकी तिथूनच जाते, नाहीतर लक्षातही आलं नसतं. मेकॅनिकला फोन केला. शनिवारी येतो म्हणाला. दारात काही अडकत नाही ना, असंही त्याने विचारलं. उगाच ठोकून द्यायला नको म्हणून जाऊन पाहून आलो. थर्मामीटरशिवाय काहीच नाही. नाही, म्हणून सांगितलं.

१३ मार्च
उणे दोन. पिशव्या मऊ लागतायत. बहिणीला कळवावं का? उगाच घाबरेल. न कळवणं म्हणजे फसवणूक. फोन हातात घेऊन बसलो, बसूनच राहिलो. उद्या दुरुस्ती झाली की एकदम चांगली बातमीच देऊ.

१४ मार्च
मेकॅनिकच्या आधी बहीण आली. तिने फ्रीजर उघडला, पिशवी दाबली. पाणी. ही वायर कधीपासून आहे, विचारलं. सांगितलं. ओरडली असती तर बरं झालं असतं. एवढं सगळं बाळ आज एका दिवसात पिणार आहे का रे दादा, एवढंच म्हणाली. सिंकमध्ये एकेक पिशवी तिनेच ओतली. मी मदतीला पुढे झालो तर आईने माझा हात धरला. बायकोने वायर काढून दार लावलं. असा घट्ट आवाज आठवडाभरात ऐकला नव्हता.

१६ मार्च, सोमवार
बहिणीने रजा वाढवून घेतली. माझा फोन उचलत नाही.

फ्रीजरमध्ये बर्फाचे ट्रे आणि अख्खा थर्मामीटर, वायरसकट. सकाळी बायकोने बर्फ काढला तेव्हा ओझरता दिसला : उणे अठरा. आत्ता किती असेल? कळायला मार्ग नाही. दारावर पुन्हा चिठ्ठी आहे. अक्षर बायकोचं, मनाई एकट्या मला.